सतरा तारखेचे स्तोत्र

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते आणि गीते, शास्त्रवाचन व संदेश झाल्यावर साक्ष देण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कोणाची गाठ तपासणीत साधी निघालेली असते, कोणाचा बरीच वर्षे रखडलेला घराचा व्यवहार पार पडलेला असतो, आणि ते सांगून झाले की सगळे मिळून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात. या साक्षी खऱ्या असतात आणि त्या ऐकताना मला आजही आनंद होतो. परंतु त्या वेळी उठून उभे राहायचे तर संकट संपलेले असावे लागते, असा एक अलिखित नियम आम्ही सर्वांनी मिळून करून ठेवला आहे. ज्याचे संकट चालूच आहे तो साक्षीच्या वेळी गप्प बसतो आणि नंतर प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या जातात तेव्हा हलक्या आवाजात आपले नाव सांगतो. मला येथे लिहायचे आहे ते अशा माणसांच्या विश्वासाविषयी, कारण आमचे घर त्यांच्यात मोडते.

आमची हकीकत थोडक्यात सांगते. माझे यजमान भोसरीला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्यात पंचवीसेक वर्षे काम करीत होते तो बंद पडला, थकलेल्या पगारासाठी खेटे घालणे चालू असतानाच त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली, आणि तपासण्यांअंती दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिस चालते. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, असल्यामुळे त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही आणि त्या हातावर रक्तदाबही मोजू द्यायचा नाही. पाणी मापाने प्यायचे, नारळपाणी वर्ज्य, बटाटा आणि पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचे, आणि एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत वजन किती वाढले यावर पुढचा दिवस कसा जाणार हे ठरायचे. माझे मूत्रपिंड देण्याची माझी तयारी होती, पण मला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी ते नाकारले, आणि आता यजमानांचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहे. पुढे जे लिहिते आहे ते कोणत्या घरातून लिहिले जात आहे हे वाचकाला ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हे सांगितले.

आजाराची बातमी पसरली तशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि आलेल्या प्रत्येकाला काहीतरी बोलणे भागच होते. देवाचे ज्यांच्यावर प्रेम असते त्यांचीच तो परीक्षा घेतो, असे एकांनी सांगितले. दुसऱ्या एका बाईंनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले, सर्व गोष्टी मिळून कल्याणच होते या अर्थाचे वचन म्हणून दाखवले आणि लगेच मुलीच्या लग्नाचा विषय काढला. एका दूरच्या नातेवाइकांनी, कबूल न केलेले एखादे पाप घरात राहून गेले आहे का, याचा आम्ही दोघांनी शांतपणे विचार करावा असे सुचवले. चंगाई सभांच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांच्या, चित्रफिती तर फोनवर रोज येत असत, आणि त्यांतल्या काहींत विश्वासाचे बीज म्हणून देणगी पाठवणाऱ्यांना आरोग्याची शाश्वती दिलेली असे. या शेवटच्या प्रकाराविषयी माझे मत कठोर आहे. आजारी माणसाच्या भीतीवर चालणारा तो व्यापार आहे आणि त्यात ख्रिस्ताचे नाव घेतले जाते याने तो अधिकच वाईट ठरतो. बाकीच्यांविषयी मात्र मला राग नाही, कारण ते आपला वेळ काढून आले होते आणि जे बोलावे असे त्यांना लहानपणापासून शिकवले गेले होते तेच ते बोलले.

त्या दिवसांत मी बायबलमधले ईयोबाचे पुस्तक सलग वाचले. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकातले पहिले दोन आणि शेवटचा एवढेच आम्हांला शब्बाथ शाळेत शिकवले होते. श्रीमंत, धार्मिक माणसाचे सर्वस्व जाते, तो ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ असे म्हणतो, आणि शेवटी त्याला सगळे दुप्पट परत मिळते, इतकी ती गोष्ट सरळ होती. मधले सगळे अध्याय वादाने भरलेले आहेत हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे ईयोबाचे तिघे मित्र मुळात वाईट नव्हते. ते लांबून आले, त्याला पाहून रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. नंतर त्यांनी तोंडे उघडली आणि देव न्यायी आहे, पापाचे फळ मिळतेच, पश्चात्ताप केलास तर पुन्हा भले होईल, अशी एकामागून एक भाषणे केली, ज्यांतली बहुतेक वाक्ये सुटी काढली तर कोणत्याही व्यासपीठावर शोभून दिसतील. उलट ईयोबाने स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, देव आपल्याला शत्रू का समजतो असे विचारले, आणि आपला वाद देवापुढेच मांडायचा आहे असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. एवढे झाल्यावर शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर, आणि ते त्याच्याविषयी ईयोबासारखे यथार्थ बोलले नाहीत असे एलीफजाला बजावतो. हे वचन मी कितीतरी वेळ वाचत बसले. मित्र देवाची बाजू घेऊन बोलत होते, पण अख्ख्या पुस्तकात त्यांतल्या एकानेही देवाला उद्देशून एक वाक्य उच्चारल्याचे दिसत नाही. ईयोब मात्र मित्रांना उत्तर देता देता मध्येच वळून देवाशी बोलू लागतो.

यावरून माझ्या मनात जो विचार पक्का झाला तो असा की, संकटात विश्वास टिकला की नाही याची खूण माणूस शांत आहे, हसतमुख आहे किंवा वचने म्हणतो आहे यात शोधू नये. त्याची तक्रार अजून देवाकडेच जाते आहे का, एवढेच पाहावे. जो देवाशी भांडतो आहे त्याने देवाला सोडलेले नाही. आमच्याकडे याच्या उलट समजूत आहे. देवाला ‘का’ असे विचारणे म्हणजे अविश्वास, आणि निमूटपणे सोसणे म्हणजे विश्वास, असे आम्ही धरून चालतो, आणि त्यामुळे पुष्कळ माणसे आधी देवाशी बोलणे बंद करतात आणि मग काही वर्षांनी उपासनेला येणेही बंद करतात. तोवर बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचा विश्वास अगदी दृढ वाटत असतो.

या बाबतीत मला सर्वांत जास्त मदत झाली ती माझ्या सासऱ्यांच्या जुन्या मराठी प्रार्थनापुस्तकाची. सासरे गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या, म्हणजे सारे पुणे ज्याला पंचहौद म्हणून ओळखते त्या देवालयाच्या वळणात वाढलेले होते. १८८५ सालचे ते देवालय इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, आणि त्या परंपरेत बायबलमधली दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली असतात. आपल्या मनाची स्थिती कशी आहे, आज कोणते वचन हवे आहे, याचा त्या वाटणीत काही विचार नाही. तारीख पाहायची आणि त्या तारखेची स्तोत्रे म्हणायची. (महिना एकतीस दिवसांचा असेल तर शेवटच्या दिवशी आदल्या दिवसाचीच स्तोत्रे पुन्हा म्हणायची, आणि ती बहुतेक स्तुतीची आहेत, ही सोय ज्यांनी केली त्यांचे मला कौतुक वाटते.) तरुणपणी मला ही पद्धत यांत्रिक वाटत असे आणि उत्स्फूर्त प्रार्थनेपुढे ती कमी प्रतीची आहे असे आम्ही तरुण संघात बोलतही असू. स्वतःचे शब्द सुचेनासे झाले तेव्हा तीच पद्धत उपयोगी पडली, कारण तेथे मला काही सुचावे लागत नव्हते.

महिन्याच्या सतरा तारखेला सकाळी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र येते. कोरहपुत्रांचे म्हणून दिलेले आणि हेमान एज्राही याच्या नावावर असलेले हे स्तोत्र मी उपासनेत मोठ्याने वाचलेले क्वचितच ऐकले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात. तेराव्या स्तोत्रात ‘किती काळ’ असा आक्रोश करणारा दावीदही सहा ओळींत गाऊ लागतो. अठ्ठ्याऐंशीव्यात तसे काही होत नाही. मी रात्रंदिवस हाका मारतो आहे, तू माझे मित्र माझ्यापासून दूर केलेस, तू मला खोल गर्तेत टाकलेस, मेलेले उठून तुझी स्तुती करतील काय, असे विचारत विचारत ते अंधारावर येऊन थांबते. देवाकडून उत्तर येत नाही आणि स्तोत्रकर्ताही स्वतःची समजूत घालत नाही. आणि तरीही या स्तोत्राच्या मथळ्यावर ते मुख्य गवयासाठी आहे असे लिहिलेले आहे. म्हणजे हा कोणाच्या वहीत सापडलेला खासगी उद्वेग नाही. जमलेल्या लोकांनी देवासमोर गावे म्हणून ते दिले गेले, आणि शास्त्राचा संग्रह करणाऱ्यांनी ते गाळले नाही की त्याला आशेची एखादी ओळ जोडली नाही. त्यातला आशेचा अंश शोधायचाच असेल तर तो पहिल्या वचनात आहे, जेथे परमेश्वराला ‘माझ्या उद्धाराच्या देवा’ अशी हाक मारलेली आहे. पुढचे सगळे त्या हाकेच्या आधाराने बोललेले आहे.

चार तारखेच्या संध्याकाळी तर बाविसावे आणि तेविसावे ही दोन स्तोत्रे एकापाठोपाठ येतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे आमच्या घरांच्या भिंतींवर टांगलेले असते, दिनदर्शिकांवर छापलेले असते, अंत्यविधीत म्हटले जाते. त्याच्या आधीचे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे कोणी भिंतीवर लावत नाही. सासऱ्यांच्या पुस्तकाने ती दोन्ही एकाच संध्याकाळी एकाच तोंडाने म्हणायला लावली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन या वेळात आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होते आणि प्रत्येक उद्गारावर वेगवेगळे वक्ते बोलतात. चौथा उद्गार, म्हणजे हेच ‘माझ्या देवा, माझ्या देवा’, ज्यांच्या वाट्याला येतो ते बहुधा घाईने पुढे सरकतात. पापाचा भार वाहिल्यामुळे पित्याने क्षणभर तोंड फिरवले, असा सिद्धान्त सांगून ते पाचव्या उद्गाराची, म्हणजे तहानेची, वाट मोकळी करतात. सिद्धान्ताला माझी हरकत नाही. परंतु मार्काच्या शुभवर्तमानात येशूचे वधस्तंभावरचे हे एकच वाक्य नोंदलेले आहे, आणि ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. लहानपणापासून सभास्थानात जे म्हटले तेच त्या घटकेला त्याच्या ओठांवर आले. प्रत्यक्ष देवाच्या पुत्राने त्या वेळी नवी प्रार्थना रचली नाही, हजार वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाणारी, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली एक तक्रार उचलली. यजमानांच्या पहिल्या डायलिसिसनंतरच्या उत्तम शुक्रवारी हे माझ्या ध्यानात आले तेव्हा पुढचे तीन उद्गार माझ्या कानांवरून गेले, ऐकले मात्र गेले नाहीत.

पुण्यातल्या ख्रिस्ती माणसाने सोसण्याविषयी लिहावे आणि पंडिता रमाबाईंविषयी काही म्हणू नये, हे शक्य नाही. रमाबाईंची गोष्ट आम्ही मंडळीत सांगतो ती नेहमी केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्तिसदनाकडून मागे पाहत सांगतो, म्हणून ती विजयाची वाटते. ती सुरुवातीकडून वाचली तर वेगळी दिसते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. ज्या भावाबरोबर त्या पायी हिंदुस्थानभर फिरल्या तो श्रीनिवास १८८० साली ढाक्यात वारला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ साली वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या, पण बहिरेपणा वाढत गेल्यामुळे तो विचार सोडावा लागला. वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या मठातल्या नन्सकडे, असताना त्यांच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली, आणि त्यानंतर काही काळातच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या साक्षींच्या धाटणीप्रमाणे येथे सगळे स्थिरस्थावर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बाप्तिस्म्यानंतरची वर्षे रमाबाईंनी प्रश्न विचारण्यात घालवली. त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार अशा विषयांवर वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे, आणि त्यांच्या प्रश्नांत गर्व आहे, आज्ञापालन नाही, असा आरोप त्यांच्यावर झालेला त्यात वाचायला मिळतो. त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मिक वृत्तान्तात स्वच्छ म्हटले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. ही आठ वर्षे मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्याच काळात त्यांनी अमेरिकेत जाऊन विधवांच्या शिक्षणासाठी पाठबळ उभे केले, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. आत सगळे निश्चित झाल्यावर मग बाहेरचे काम, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि पुण्याच्या वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरले. चार वर्षांतच मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि पुण्यात प्लेगची बंधने असल्यामुळे त्यांना पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावच्या शेतात ठेवले. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई वीस-बावीस वर्षांनी दुष्काळातल्या मुली शोधत फिरते, हे पाहिल्यावर तिचे जुने दुःख कुठे नाहीसे झाले होते असे मला वाटत नाही. आयुष्याच्या अखेरीस, जुलै १९२१ मध्ये, तिला आपल्या कामाची वारस असलेली मनोरमाही गमवावी लागली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांना कित्येक दशके देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते असे त्यांतून उघड झाले, तेव्हा आमच्या ओळखीतली काही भाविक माणसे अस्वस्थ झाली होती. मला त्या पत्रांनी धीर दिला. ज्या बाईने रोज पहाटे उठून प्रार्थना केली तिला त्या प्रार्थनेत काही जाणवत नसे, तरीही ती दुसऱ्या दिवशी उठत असे.

मराठी कानाला देवाशी भांडणे नवीन नाही, हेही येथे सांगायला हवे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि पुढे त्यांनी विठ्ठलाला जे सुनावले ते देहूच्या पालखीबरोबर दर आषाढी वारीत पुण्याच्या रस्त्यांवरून जाते. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असे म्हणत, ते मी तरुणपणी फक्त भक्तीच्या गोडव्याच्या अर्थाने घेत असे. त्या सेतूवर भांडणही होते. आमच्या गीतांच्या पुस्तकांत टिळकांची पदे मानाने छापली जातात, पण गाताना आम्ही शरणागतीची निवडतो.

आता थोडे व्यवहाराचे लिहिते, कारण निराशा नेहमी आत्मिकच असते असे नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे झाले, माझा प्राण घे’ अशी प्रार्थना करतो. कर्मेल पर्वतावरच्या मोठ्या विजयानंतर लगेचची ही गोष्ट आहे. देव त्याला विश्वासाच्या उणेपणाबद्दल बोलत नाही. तो झोपी जातो, दूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला देतो, आणि पुढचा लांबचा प्रवास झाल्यावर मगच ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो. यजमान डायलिसिस सुरू झाल्यावर काही महिन्यांनी बोलेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, आणि उपचार थांबवावेत असे सुचवू लागले, तेव्हा मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. दीर्घ आजाराबरोबर नैराश्य येणे सामान्य आहे असे त्यांनी सांगितले आणि मूत्रपिंडांचा विचार करून गोळ्या दिल्या. मंडळीतल्या एक-दोघांना हे पटले नाही, कारण त्यांच्या मते मनाचे औषध फक्त प्रार्थना आहे. रक्तातला क्षार वाढला तर डॉक्टर चालतो आणि झोप उडाली तर चालत नाही, ही विभागणी शास्त्रात कोठे आहे हे त्यांनी दाखवले नाही. गोळ्यांनी विश्वास परत आला असे मी म्हणणार नाही. झोप परत आली, आणि झोपलेला माणूस सकाळी स्तोत्र म्हणू शकतो.

तरीही असे दिवस येतात की कोणाचेच स्तोत्र तोंडातून निघत नाही, आणि अशा दिवसांसाठी मला मार्काचा दुसरा अध्याय आठवतो. कफर्णहूमला चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणले, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उस्तरले आणि बाज खाली सोडली. येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ पक्षाघाती माणसाला पापांची क्षमा केली, असे तेथे लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता हे मार्क सांगत नाही. आपला विश्वास आपणच घट्ट धरून ठेवायचा आहे, मूठ सैल पडली की सगळे संपले, या कल्पनेने आजारी माणसे फार थकतात. आमच्या मंडळीविषयी मी वर टीका केली आहे, म्हणून हेही लिहिणे माझ्यावर बंधनकारक आहे की त्याच मंडळीने आम्हांला उचलून धरले. महिला मंडळाच्या भगिनी डायलिसिसच्या दिवशी पाळीपाळीने डबा पाठवतात, आणि मिठाचे व उकळलेल्या भाजीचे पथ्य त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले आहे. शेजारच्या वाडीतला एक तरुण, जो उपासनेला नेहमी उशिरा येतो आणि ज्याच्याबद्दल वडीलमंडळी कुरकुरतात, तो यजमानांना रिक्षाने नेतो आणि पैसे घेत नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर व द्राक्षरस, घरी आणतात. पहिल्या भेटीत त्यांनी एकही वचन ऐकवले नाही, ते यजमानांच्या शेजारी बराच वेळ बसले आणि जाताना, पुढच्या वेळी काय वाचू, असे विचारले. यजमानांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सांगितले आणि त्यांनी ते पुढच्या महिन्यात भाकरीच्या आधी पूर्ण वाचले, शेवटी काहीही न जोडता.

प्रभुभोजनाविषयी आणखी एक. भाकर हातात पडते तेव्हा मला काय वाटते आहे यावर तिचे भाकर असणे अवलंबून नाही, ही आमच्या परंपरेची शिकवण मी कन्फर्मेशनच्या वर्गात पाठ केली होती. आता ती मला रोजच्या वापराची वाटते. मन कोरडे असताना हात पुढे करता येतो.

बरे होण्यासाठी अजून प्रार्थना करावी की नाही, या एका प्रश्नावर मात्र आमच्या घरात एकमत नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाल्यावर तो थांबला, असे यजमान म्हणतात, आणि आपल्यालाही उत्तर मिळाले आहे असे त्यांना वाटते. ते आता स्वतःसाठी आरोग्य मागत नाहीत. डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटांवर असणाऱ्यांसाठी ते मागतात, ज्यांत बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत आणि एक आजोबा तर देव मुळीच मानत नाहीत व तसे ठणकावून सांगतात. मी लूकाच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेच्या बाजूची आहे, जिने न्यायाधीशाला इतका त्रास दिला की त्याने कंटाळून तिचा न्याय केला, आणि प्रभूने तिचीच गोष्ट प्रार्थनेत खचू नये म्हणून सांगितली. पौलाला स्पष्ट शब्दांत उत्तर मिळाले होते, तसे आम्हांला कोणी काही सांगितलेले नाही, असे माझे म्हणणे. त्यामुळे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी यजमानांना नवे मूत्रपिंड मिळावे अशी विनंती मोठ्याने करते आणि ते तिला आमेन म्हणत नाहीत. मग ते खाटांच्या क्रमाने शेजाऱ्यांची नावे घेतात, आणि त्या आजोबांच्या नावापाशी आल्यावर, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो हे त्यांना कळू नये, अशीही विनंती करतात.